त्यांना कुणी विचारलं का?

नागपूरच्या एका वाचक भगिनींच्या पत्राचा सारांश:

माझे मिस्टर ६१ वर्षांचे. मोठ्या आतड्यात गाठ निघाली, पोट उघडून ऑपरेशन झालं, त्याला आज सहा दिवस झाले. धंतोलीतल्या एका खासगी हॉस्पिटलमध्ये आहोत. दुसऱ्या दिवसापासून सिस्टर 'चालवा, चालवा' करून राहिल्या, पण हे उठायला तयार नाहीत. उठवायला गेलं की चिडतात. परवा मला 'तू माझी वैरीण आहेस' म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून रडले. चौतीस वर्षांच्या संसारात मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. भंडाऱ्याहून आलेल्या नणंदबाई म्हणतात, एवढं पोट फाडलेल्या माणसाला कोणी चालवतं का, यांना बेड रिकामा करायचा आहे. टाके पिकतील म्हणून त्या वरण-भातही देऊ देत नाहीत. गाठ तपासायला पाठवली आहे, रिपोर्ट यायचा आहे. ह्यांना आम्ही 'आतड्याला सूज होती' एवढंच सांगितलं. मुलगा पुण्याला असतो, नवी नोकरी आहे म्हणून मीच त्याला येऊ नको म्हटलं. डॉक्टर दोन-तीन दिवसांत सुट्टी देतो म्हणतात. मी जबरदस्तीने चालवू, की आराम करू देऊ? आणि आणखी आठ दिवस ठेवून घ्या म्हणून डॉक्टरांच्या मागे लागू का?

ताई,

पत्रात तुम्ही सगळ्यांचं लिहिलंत. मिस्टर, नणंदबाई, सिस्टर, मुलगा. तुम्ही सहा रात्री कुठे झोपलात हे मात्र कुठेच नाही. मला तो बाक ठाऊक आहे. पेशंटच्या पलंगाशेजारचा, काळ्या रेक्झिनचा, कूस बदलली की करकरणारा, आणि मे महिन्यात पाठीला चिकटणारा. त्याच्याकडे मी शेवटी येणार आहे.

आधी विचारलंत त्याचं सरळ उत्तर. मी डॉक्टर नाही, तेव्हा इथलं काहीही तुमच्या सर्जनच्या शब्दापेक्षा मोठं मानू नका. पण चालण्याच्या बाबतीत हॉस्पिटलचं बरोबर आहे.

नणंदबाईंना वेड्यात काढू नका. त्यांच्या लहानपणी पोटाचं ऑपरेशन झालेला माणूस दिवसेंदिवस गादीवरून हलत नसे आणि घरच्यांना तसंच बजावलं जाई. खरं तर शिकागोच्या एमिल रीस नावाच्या डॉक्टरने १८९९ मध्येच लिहून ठेवलं होतं की पोट उघडलेल्या रुग्णांना लवकर उठवावं. फारसं कुणी ऐकलं नाही. पुढे १९९० च्या दशकात डेन्मार्कचे सर्जन हेन्रिक केलेट यांनी आतड्याच्या ऑपरेशननंतर दुखणं नीट आवरणं, लवकर खायला देणं आणि लवकर उठवणं हे सगळं एकत्र बांधून दाखवलं, तेव्हा कुठे वॉर्डांच्या सवयी बदलायला लागल्या. नणंदबाईंची माहिती चाळीसेक वर्षं जुनी आहे, एवढंच.

त्यांना कारण सांगा. 'डॉक्टरांनी सांगितलंय' एवढ्यावर आपल्याकडे कुणाचं समाधान होत नाही. पोट दुखेल या धास्तीने पडलेला माणूस वरवरचा श्वास घेतो, खोकला दाबतो. मग फुप्फुसाचा तळ नीट फुलत नाही, तिथे कफ साचतो आणि न्यूमोनिया धरतो. पोटऱ्यांतलं रक्त संथ झालं की त्याची गुठळी होऊ शकते, आणि ती सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते. पोटाच्या कातडीत रोज टोचतात ते छोटं इंजेक्शन त्यासाठीच असतं. आणि साठीतल्या माणसाच्या मांड्या आठवडाभर पलंगावर राहिल्या की किती झटकन वितळतात, ते सुट्टी होऊन घरी संडासात बसायची वेळ आली की कळतं.

आतड्यांचा हिशेब निराळा. हाताळली गेली की ती रुसून बसतात. लहान आतडं दिवसाभरात मनावर घेतं, मोठं तीन ते पाच दिवस लावतं. म्हणून तर सर्जन राउंडला आले की नमस्काराच्याही आधी विचारतात, 'गॅस पास झाला का?' (अख्ख्या घरादाराने एखाद्याच्या पादण्याची अशी वाट पाहावी, हा प्रसंग आयुष्यात एरवी येत नाही.)

आता मी तुम्हाला विचारते. या सहा दिवसांत तुमच्या मिस्टरांना कुणी काही विचारलं का?

त्यांचा दिवस डोळ्यांपुढे आणा. पहाटे पाचला कुणीतरी दिवा लावून दंडातून रक्त काढतं. अंगात पाठीमागून उघडा गाऊन. लघवीची पिशवी पलंगाला लटकलेली, आणि भेटायला आलेला प्रत्येक जण आधी तिच्याकडे बघतो. नाकातली नळी कधी काढायची, चहा द्यायचा की नाही, खिडकीचा पडदा उघडा की बंद, सगळं त्यांच्या डोक्यावरून बोललं जातं. काल-परवापर्यंत घरातला प्रत्येक व्यवहार ज्याला विचारून व्हायचा, तो माणूस आज 'यांनी खाल्लं का?' या वाक्यातला 'यांनी' झाला आहे. त्याच्याजवळ स्वतःचा म्हणावा असा एकच शब्द उरलाय: नाही. तो ते वापरतोय. आणि वापरायला जवळचं माणूस तुम्ही, म्हणून वैरीण तुम्ही. सिस्टरला वैरीण म्हणायची त्यांची हिंमत होणार नाही.

मला हे कळतं, कारण मीही त्या पलंगावर होते. २०१२ चा मे. जुन्या ऑपरेशनच्या जागी पोटात चिकटपणा आला होता, त्यात आतडं अडकलं. बेंबीला वळसा घालून उभी चीर आणि तिच्यावर एकोणीस पिना. पहिल्यांदा बघितल्या तेव्हा मला बॅगेच्या चेनची आठवण झाली. आमचे हे दाराशी पहाऱ्याला. 'तू उठू नको, काय हवं ते मी देतो.' प्रेमच ते. तिसऱ्या दिवशी माझी छाती घरघरायला लागली. त्या हॉस्पिटलात रात्री दुखण्याचं इंजेक्शन मागितलं की यायला तास लागायचा, म्हणून मी खोकायचंच बंद केलं होतं.

चौथ्या दिवशी सकाळी झाडपुसवाली मावशी आली. बादली कोपऱ्यात ठेवली आणि म्हणाली, "काहून रडून राहिल्या बाई? चला न, खिडकीपाशी जाऊन येऊ. तिथून रसवंती दिसते." तिने मला चालायला सांगितलंच नाही. खिडकीपाशी जाऊ म्हणाली. लघवीची पिशवी पर्ससारखी माझ्या हातात दिली, 'कमरेच्या खाली धरा, वर नेऊ नका' म्हणाली. पिशवी वर गेली की लघवी नळीतून उलटी फिरू शकते, हे मला मागाहून समजलं. खिडकी अकरा पावलांवर होती. रसवंतीचं चाक फिरत होतं, घुंगरू मात्र काचेआडून ऐकू येत नव्हते. परतताना मी तिला म्हटलं, संध्याकाळी परत येऊ. चार दिवसांत मी काही ठरवलं असेल तर ते हे पहिलं.

तेव्हा उद्या सकाळी 'चला, उठा' म्हणू नका. 'आज दाराशी जायचं की नर्सिंग स्टेशनपर्यंत?' असं विचारा. 'नाश्त्याआधी की नंतर?' जायचं की नाही हा प्रश्न ठेवूच नका. कुठे आणि कधी, ते त्यांच्याकडे द्या. दोन टोकांमधल्या फेऱ्या मोजायचं काम त्यांचं. वही-पेन द्या. हिशेबी माणूस असेल तर दुपारपर्यंत तुम्हालाच आकडा ऐकवील.

पण त्याआधी दुखणं बघा. सिस्टर ० ते १० मध्ये किती दुखतं विचारतात, तेव्हा आपल्याकडची बहुतेक पुरुषमंडळी 'ठीक आहे' म्हणतात आणि मग उठायला नकार देतात. दुखत असेल तर आकडा खरा सांगायला सांगा. आणि हे तुम्ही सिस्टरशी बोलून घ्या की दुखण्याचं औषध फेरीच्या अर्धा तास आधी देता येईल का. दुखणं शिगेला पोचल्यावर औषध मागायचं आणि मग दुखणं उतरायची वाट बघायची, यात अख्खी सकाळ जाते.

उठताना सरळ पाठीवरून उठू देऊ नका, तिथेच टाक्यांवर कळ येते आणि तिथेच माणूस घाबरतो. गुडघे वाकवायचे, ओंडका लोळवावा तसं अख्खं अंग एका कुशीवर घ्यायचं, पाय पलंगावरून खाली सोडायचे आणि कोपराने रेटा देत बसायचं. दोन मिनिटं तसंच बसून राहायचं. चक्कर आली तर परत आडवं. खोकताना पोटावर उशी गच्च धरायची. ही उशी म्हणजे त्यांचं सगळ्यात मोठं हत्यार, हॉस्पिटलची जाडजूड नको, घरची छोटी आणा. आणि श्वासाच्या व्यायामाचं, तीन छोट्या चेंडूंसारख्या गोळ्यांचं ते प्लॅस्टिकचं खेळणं उशाशी पडलं असेल. पुष्कळ पेशंट त्यात फुंकर मारतात. फुंकायचं नाही, नळीतून श्वास आत ओढायचा, सावकाश, आणि गोळा वर असताना क्षणभर धरायचा. जागेपणी तासाला दहा वेळा. तुमच्या मिस्टरांना पहिलाच गोळा उचलता आला तरी चालेल.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे ऐका. आतडं कापून जिथे जोडलेलं असतं, तो सांधा गळायचा धोका पहिल्या आठवड्यात असतो, आणि पाचव्या ते सातव्या दिवसाच्या सुमाराला पुष्कळदा तो दिसून येतो. तुम्ही त्याच दिवसांत आहात. न उठणाऱ्या माणसाला आळशी किंवा हट्टी ठरवण्याआधी नाडी जलद आहे का, ताप आहे का, पोट कालपेक्षा जास्त दुखतंय, फुगलंय, ताठ झालंय का, उलटी होतेय का, हे सिस्टरला विचारून घ्या. तसंच 'वैरीण' म्हणताना ते नीट शुद्धीत होते का, तेही आठवा. रात्री आपण कुठे आहोत हे कळेनासं होणं, भलत्याच माणसांशी बोलणं, नळ्या उपटणं, हा स्वभाव नसतो. मोठ्या ऑपरेशननंतर मेंदूचा असा गोंधळ उडतो, त्यामागे जंतुसंसर्ग किंवा रक्तातलं सोडियम कमी होणंही असू शकतं. ते त्याच रात्री डॉक्टरांच्या कानावर गेलं पाहिजे. चष्मा आणि कानाचं यंत्र घरी ठेवलं असेल तर आजच मागवा. दिसत नाही, ऐकू येत नाही, घड्याळ नाही, अशा खोलीत धडधाकट माणूसही भ्रमेल.

टाके पिकण्याबद्दल. टाके जंतूंनी पिकतात, साखर वाढलेली असली तर लवकर पिकतात. भाताने नाही, वरणाने तर नाहीच. उलट जखम भरायला प्रथिनं लागतात, आणि आपण नेमकी तीच काढून घेऊन माणसाला साबुदाण्याच्या पाण्यावर ठेवतो. मोठ्या ऑपरेशननंतर साधारण किलोमागे सव्वा ते दीड ग्रॅम प्रथिनं रोज लागतात. साठ किलोच्या माणसाला ७५ ते ९० ग्रॅम. एका अंड्यात सहा. म्हणजे बघा, नारळपाण्यावर हे गणित कसं जमणार? डॉक्टरांनी खायची परवानगी दिली असेल तर मऊ भात, वरण, दही, अंडं, थोडं पनीर, दिवसातून पाच-सहा वेळा आणि थोडं थोडं. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मात्र आकडा डॉक्टरांकडूनच घ्या. कच्च्या भाज्या आणि सालीची कडधान्यं काही दिवस थांबतील. आणि बरं झाल्यावर झणझणीत सावजी जेवण खायला नेऊ म्हणणारे पाहुणे असतीलच. त्यांना ते बाहेर कॉरिडॉरमध्ये बोलायला सांगा.

पाहुण्यांवरून आठवलं. नणंदबाईंना काम द्या. त्या भावासाठी भंडाऱ्याहून आल्या आहेत, आणि तुम्ही त्यांच्या हातात टीका करण्याखेरीज काही ठेवलं नाही, असं नाही ना झालं? दारावर त्यांना बसवा. पाच ते सहा भेटायची वेळ, एका वेळी दोघं, आधी हात धुवायचे, पलंगावर बसायचं नाही. हे तुम्ही सांगितलंत तर सून माजली, मोठ्या बहिणीने सांगितलं तर शिस्त. संध्याकाळची फेरीही त्यांच्याबरोबर असू दे. भावाचा हात धरून बारा पावलं गेल्या की 'कोणी चालवतं का' हे वाक्य आपोआप बंद पडेल.

आता अवघड गोष्ट. 'आतड्याला सूज होती.'

ताई, सूज काढायला पोट उघडून आतड्याचा तुकडा कापत नाहीत, हे त्यांना समजत नसेल का? एकसष्ट वर्षांचा माणूस, ऑपरेशनच्या कागदावर सही त्यांचीच असणार. खोलीत आलेला प्रत्येक जण दाराबाहेर जाऊन कुजबुजतो, मुलाचा फोन आला की तुम्ही बाहेर जाता. ते भिंतीकडे तोंड करून रडले ते टाक्यांमुळे, असं मला वाटत नाही. मला वाटतं, त्यांना अंदाज आलाय आणि तुम्हाला त्रास नको म्हणून तेही गप्प आहेत. एका खोलीत दोघं एकमेकांपासून एकच गोष्ट लपवताय.

न सांगण्यामागे तुमचं मन मी समजू शकते. खचतील, हाय खातील. पण व्यवहार बघा. रिपोर्ट साधारण आठवडा-दहा दिवसांत येतो. गाठ आतड्याच्या भिंतीत किती खोल गेली, सोबत काढलेल्या लसिका ग्रंथींत (लिम्फ नोड्समध्ये) पोचली का, हे त्यात असतं. वाईटच असतं असं नाही. कॅन्सर असला तरी पहिल्या टप्प्यात सापडलेल्या गाठीला बहुतेकदा ऑपरेशनच पुरतं. पण केमो लागली तर ती साधारण दोन महिन्यांच्या आत सुरू करायची असते, तोवर अंगात ताकद आणि जखम भरलेली हवी. 'सूज' म्हणून केमोला कसं नेणार? आणि पुढे बरं व्हायचं आहे कशासाठी, हेच ज्याला सांगितलं नाही, तो आज कॉरिडॉरच्या फेऱ्या कशासाठी मारील?

रिपोर्ट आला की आधी त्यांनाच विचारा: 'डॉक्टरांशी तुम्ही बोलता, की मी बोलून सांगू?' काही माणसांना खरंच आकडे-बिकडे नको असतात. 'तू बघ, मला नको सांगू' म्हणाले तर तेही त्यांनी ठरवलेलं असेल. आजच्या आज कॅन्सर हा शब्द घेऊन खोलीत जाऊ नका, अजून तो तुम्हालाही माहीत नाही. पण त्यांनी विचारलं, 'गाठ होती का गं?', तर हो म्हणा. 'तपासायला गेलीये, मलाही भीती वाटतेय' म्हणा. खोटं तेवढं आता वाढवू नका.

आठ दिवस जास्त ठेवून घ्या म्हणू नका. हॉस्पिटल म्हणजे सुरक्षित, असं आपण धरून चालतो. पण तिथे जंतू चिवट असतात, झोप नसते, आणि बिल रोज वाढतं. ताप नाही, खाल्लेलं पचतंय, संडास-लघवी होते, गोळ्यांवर दुखणं आवरतं, चालून संडासापर्यंत जाता येतं, एवढं झालं की घर बरं. यातलं एखादं नसेल तर तसं स्पष्ट सांगून थांबा, तिथे भिडस्तपणा नको. सुट्टीच्या दिवशी बिलाच्या खिडकीवर जाण्याआधी डॉक्टरांना विचारून घ्या: पिना कधी काढायच्या, आंघोळ कधी, आणि रक्ताची गुठळी होऊ नये म्हणूनची इंजेक्शनं घरीही चालू ठेवायची का. कॅन्सरच्या पोटाच्या ऑपरेशननंतर ती पुष्कळदा एकूण चार आठवडे देतात, आणि घाईत ती चिठ्ठीवरून सुटू शकतात. रात्री-अपरात्री कुणाला फोन करायचा तो नंबर लिहून घ्या. ताप, जखमेतून पू, न थांबणारी उलटी, एकाच पायाला सूज, अचानक धाप, यातलं काहीही झालं तर तपासणीच्या तारखेची वाट बघायची नाही.

घरी नेताना गाडीत पट्टा आणि पोट यांच्यामध्ये तीच छोटी उशी ठेवा, आपल्याकडचे स्पीडब्रेकर तुम्हाला माहीत आहेत. सहा आठवडे चार-पाच किलोच्या वर काही उचलायचं नाही. पाण्याने भरलेली बादली नाही, सिलिंडर नाही, कूलरची टाकी भरायलाही नाही. वरची कातडी जुळली तरी आतला थर हळूहळू घट्ट होतो, आणि घाई केली तर तिथून हर्निया बाहेर येतो. नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते नऊ कडक उन्हाचे दिवस, तोंडावर आहे, तेव्हा फेऱ्या घरातल्या घरात, किंवा पहाटे ऊन चढण्याआधी अंगणात. पाणी किती प्यायचं तेही विचारून घ्या. या उन्हात आधीच अशक्त माणूस फार लवकर सुकतो.

आणि तो बाक. मुलाला येऊ नको म्हणालात ते त्याच्या नोकरीसाठी. पण वडिलांच्या पोटाचं एवढं मोठं ऑपरेशन झालं आणि आपल्याला येऊ दिलं नाही, हे त्याला दहा वर्षांनी कसं वाटेल, याचा विचार केलात? त्यालाही कुणी विचारलेलं नाही. दोन दिवसांची सुट्टी मिळते का, हे त्याचं त्याला ठरवू द्या. संध्याकाळी पुण्याहून ट्रॅव्हल्समध्ये बसला तर सकाळी नागपुरात. तो आला की डबा, फाइल आणि वडिलांची फेऱ्यांची वही त्याच्या हातात द्या, घरी जा, कूलर लावा आणि फोन दुसऱ्या खोलीत ठेवून झोपा.